सुतकीच्या वेगाची खाण

पुणे-नगर रस्ता वाघोलीच्या पुढे गेला की दोन्ही बाजूंना टेकड्यांचे लचके तोडलेले दिसतात. ज्यांनी हा रस्ता गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच पाहिला, त्यांना वाटेल, हा मुलूख पहिल्यापासून असाच असणार. करडी झाडं, डंपरच्या रांगा, क्रशरची घरघर आणि उन्हातही धुरकट दिसणारं आभाळ. पण या बाजूच्या खेड्यांत सत्तरच्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीने दुसरी खाण पाहिली आहे. ती माणसांच्या हातांनी चालायची आणि संध्याकाळ झाली की थांबायची.

गावाबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी ती खाण होती. शेजारी वडारांची पालं. त्यांची तेलुगूच्या वळणाची बोली आम्हाला कळत नसे, पण त्यांच्या हत्यारांची नावं तोंडपाठ होती. घण, पहार, छिन्नी आणि खडी फोडायची छोटी सुतकी. पुरुषमाणसं घण घालून मोठा दगड फोडत आणि बायका त्याचे तुकडे सुतकीने बारीक करत. एक मावशी होत्या. जुन्या टायरच्या रबराची कडी करून त्यात दगड अडकवायच्या, म्हणजे तुकडे डोळ्यात उडत नसत. बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. दगड हातात घेऊन दोनदा फिरवायच्या, त्याची शीर शोधायच्या आणि मग नेमका घाव. शीर सापडली तर दोन घावांत काम, नाही सापडली तर हात नुसता झिणझिणायचा. त्यांच्यापुढे दिवसभरात गुडघाभर उंचीचा ढीग तयार होई. दीड इंची वेगळा, पाऊण इंची वेगळा. आज त्याच खडीला ४० एमएम आणि २० एमएम म्हणतात. माप मात्र अजून तेच आहे, ब्रास. म्हणजे १०० घनफूट.

सुरुंग रोज नसायचा. दोघांनी मिळून छिन्नी-घणाने भोक पाडायचं, तेही आळीपाळीने, कारण काळा पाषाण सहजी वाट देत नाही. भोक पुरेसं खोल झालं की दारू भरायची, वात सोडायची, वर ओली माती ठासायची. मग एक जण लाल फडकं घेऊन वाटेवर उभा राही, शिट्टी वाजे आणि गुरं राखणारी पोरं आपापली जनावरं हाकून लांब नेत. एक दबका आवाज, थोडी धूळ, आणि मग पुढचे आठ-पंधरा दिवस त्याच सुरुंगाने सैल केलेला दगड फोडण्यात जात. त्या खाणीचा वेग सुतकीच्या वेगाएवढाच होता.

हा दगड दख्खनचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यातून हा काळा पाषाण तयार झाला. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात आहे, सह्याद्रीवरचे गडकोट याच दगडाचे. आमच्या खाणीतल्या दगडाचं नशीब साधं होतं. घराचं जोतं, विहिरीचं बांधकाम, देवळाची पायरी, गोठ्याची फरसबंदी. घरोघरच्या जात्या-पाट्यांना टाकी लावून देणाऱ्या बाया याच वस्तीतून गावात येत.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि सुतकी वडार वस्तीतून सगळ्या गावांच्या हातात गेली. ज्यांनी कधी दगडाला हात लावला नव्हता, अशी कुणबी-मराठ्यांची, माळ्यांची, दलितांची, सगळ्या जातींची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला एका रांगेत बसली. लहान मुलांना सुकडी मिळायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी रस्त्यांखाली त्या वर्षी हाताने फोडलेली खडी आहे. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा विचार पुढे पक्का झाला आणि १९७९ पासून रोजगार हमी कायदा अंमलात आला. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या तळहातांवर त्या खडीचे घट्टे अखेरपर्यंत होते.

त्या काळाबद्दल मनात माया आहे, पण त्या कामात सुख होतं असं मी म्हणणार नाही. मावशींचा खोकला आम्ही ऐकला आहे. वस्तीतल्या कुणाच्या डोळ्यात दगडाची कपची गेली, कुणाचा पाय चिरडला, याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही. मुलं शाळेऐवजी ढिगाशेजारी वाढली. धूळ तेव्हाही होती. फक्त ती खाणीत राबणाऱ्यांच्याच वाट्याला येत होती, म्हणून बाकीच्या गावाला ती दिसत नव्हती. पुढे वाघोली परिसरात 'संतुलन' संस्थेने दगडखाण कामगारांच्या मुलांसाठी पाषाणशाळा सुरू केल्या, तेव्हा कुठे या मुलांची पाटी-पेन्सिलशी गाठ पडली.

जमिनीच्या बाबतीत मात्र तो काळ खरोखर दयाळू होता, आणि त्याचं कारण त्या काळातल्या माणसांचं शहाणपण नव्हे, कामाचा संथपणा होता. दगडावरची वीतभर माती कुणी फेकून देत नसे. शेजारचा शेतकरी बैलगाडी घेऊन येई आणि ती आपल्या वावरात नेऊन पसरे. मुरूम गावच्या रस्त्यांवर जाई. खड्डा पुढे सरके तसा मागचा भाग मोकळा पडे. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे पाणी धरे, कडेला गवत उगवे, कपारीत पाखरांनी टाकलेल्या बियांतून उंबर-पिंपळ डोकं वर काढत. म्हशी त्या पाण्यात बसत, बाया धुणी धूत, आम्ही पोहायला तिथेच शिकलो. खाण एका टोकाला चालू असे आणि दुसऱ्या टोकाला जमीन सावरत असे.

पुणेकरांना याचा नमुना पाहायचा तर वेताळ टेकडीवर जावं. तिथली जुनी दगडखाण केव्हाच बंद झाली. आता तिच्यात पावसाचं पाणी साठतं, भोवती झाडी आहे आणि फिरायला येणारी माणसं तिच्या काठावर पक्षी बघत थांबतात. पुण्याच्या आसपासच्या अशा जुन्या खाणींच्या कड्यांवर शृंगी घुबडं घरटी करतात, कारण हा पक्षी दगडाच्या उघड्या कपारीतही अंडी घालतो. दगड काढून झाल्यावरही जागा जिवंत राहू शकते, हे त्या घुबडांनी केव्हाच सिद्ध केलं आहे. पण त्यासाठी माणसाने ती जागा कशा अवस्थेत सोडली, हे महत्त्वाचं.

नव्वदच्या दशकापासून सगळं पालटत गेलं. शहरं फुगू लागली, द्रुतगती मार्ग आले, पुण्याच्या पूर्वेला उंच इमारतींची रांग लागली. काँक्रीटच्या आकारमानात साधारण ६० ते ७५ टक्के वाटा खडी आणि वाळूचा असतो. याचा अर्थ सरळ आहे. आपण राहतो त्या प्रत्येक घराने कुठली तरी टेकडी खाल्लेली आहे. नदीतल्या वाळूवर बंधनं आली तशी क्रशरमधून काढलेल्या वाळूची मागणी वाढली आणि पूर्वी जो दगड खडी होऊन थांबायचा, तो आता पिठासारखा बारीक होऊ लागला. सुतकीची जागा जॉ क्रशरने घेतली, पहारीची जागा कॉम्प्रेसर आणि ड्रिल मशीनने, बैलगाडीची जागा हायवा डंपरने. वडारांच्या कितीतरी कुटुंबांचा पिढीजात धंदा त्यात गेला. आणि पूर्वी ज्या कामाला पिढी लागत होती, ते एका मोसमात उरकू लागलं.

धूळ आता सगळ्या गावाची झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा सुटला की क्रशरच्या बाजूचं शिवार राखाडी दिसतं. ज्वारीच्या पानावरून बोट फिरवलं तर मागे हिरवी रेघ उमटते. पानावरची सूक्ष्म छिद्रं बुजली की झाडाचा श्वास अडतो, ऊन पोचत नाही, अन्न कमी तयार होतं. कांद्याच्या बियाण्याचे गोंडे धुळीने भरले की मधमाशी तिकडे फिरकत नाही. माणसाचं तर विचारूच नका. डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते. खरा घात करतात ते न दिसणारे कण. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासाबरोबर आत उतरतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, यावरून अंदाज यावा. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका कमी असते, त्यामुळे राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणींइतका सिलिकोसिसचा कहर आपल्याकडे नाही. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरणच करावं लागलं. पण सिलिका कमी म्हणून धूळ निरुपद्रवी ठरत नाही. वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेलेली दगडाची पूड फुप्फुस थकवतेच.

यावर उपाय नाही, असं मात्र कुणी सांगू नये. एक चांगला चालवलेला क्रशर मी आतून पाहिला आहे. फाटकापासून वजनकाट्यापर्यंतचा रस्ता पक्का होता, कारण खाणीत सर्वांत जास्त धूळ बहुधा यंत्रापेक्षा डंपरच्या चाकांखालच्या कच्च्या रस्त्यावरून उडते. तिथे डंपरला वेगाची मर्यादा होती आणि टँकर ठरावीक वेळाने पाणी मारत फिरत होता. दगड ओततात त्या हॉपरला तीन बाजूंनी पत्रे आणि वर छप्पर होतं. चाळण्या बंदिस्त होत्या. पट्ट्यावरून खडी जिथे खाली पडते, तिथे पत्र्याचं नरसाळं बसवून ते ढिगाच्या माथ्याजवळ आणलं होतं, म्हणजे उंचावरून पडताना वारा तिच्यातली पूड उडवणार नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट तिथल्या फिटरने दाखवली. पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड काढून त्याने हातावर ठेवलं. छिद्र सुईच्या अग्राएवढं. तो म्हणाला की नळीने धो धो पाणी मारलं तर दगड भिजतो, पण हवेतली धूळ बसत नाही. पाण्याचा थेंब फार मोठा असला की बारीक कण हवेबरोबर त्याला वळसा घालून निसटतो. थेंब कणाच्या जवळपास आकाराचा असला, तरच दोघं आदळतात, चिकटतात आणि जड होऊन खाली बसतात. म्हणून धुकं हवं, धार नको. पाणी जास्त झालं तर चाळण्या चिखलाने बुजतात, मग कामगारच वैतागून फवारा बंद करतात. आणि गढूळ पाणी वापरलं तर हे सुईएवढं छिद्र दोन दिवसांत तुंबतं, म्हणून आधी पाणी गाळायचं. फवारे बसवलेले क्रशर पुष्कळ दिसतात. तोंडं साफ असलेले फवारे शोधावे लागतात.

कायदाही गप्प नाही. केंद्रीय पर्यावरण नियमांत दगड क्रशरसाठी मर्यादा घातलेली आहे. यंत्रापासून ठरावीक अंतरावर मोजलं तर हवेतली धूळ दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. त्याच नियमांत धूळ अडवणारी बंदिस्ती, पाण्याची फवारणी, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्के रस्ते, जमीन झाडून ओली ठेवणं आणि कुंपणालगत झाडांचा पट्टा, एवढं सगळं सांगितलं आहे. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही. लागतं ते रोजचं लक्ष. आणि झाडांचा पट्टा शेवटचा पहारा आहे. धूळ जिथे जन्मते तिथेच अडवली नाही, तर नुसती झाडं लावून गावाचा श्वास मोकळा होत नाही.

धूळ एकवेळ पावसाळ्यात बसते. जमिनीचं तसं नाही. आजच्या बंद खाणी पाहिल्या की पोटात गोळा येतो. काठ उभा तासलेला, तळ खोल, पाण्याला उतार नाही, कुंपण नाही. आमच्या खाणीत म्हैस उतरत होती; या खाणीत पाय घसरलेला माणूस वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात अशा पाण्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. काही खाणी शहराच्या राडारोड्याने आणि कचऱ्याने भरल्या जातात. काळ्या पाषाणाला भेगा असतात, त्या भेगांतून कचऱ्याचं पाणी आसपासच्या विहिरींत उतरतं. टेकडी गेली ती गेली, वर विहीरही गेली.

पूर्वी जे काम काळ करत होता, ते आता माणसाला योजून करावं लागेल. त्याची सुरुवात खाण संपल्यावर नव्हे, पहिल्या सुरुंगाच्या आधी होते. दगडावरची वीतभर माती सर्वांत आधी अलगद काढून वेगळी ठेवायची. ती मुरमात मिसळली की गेली, कारण एवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तिचा ढीग उंच करायचा नाही. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि मातीतले जीव मरतात. ढिगावर ताग किंवा धैंचा पेरला तर माती धुपत नाही आणि जिवंत राहते. दगड काढताना पायऱ्या पाडत जायचं, म्हणजे शेवटी उभा कडा उरत नाही. एक भाग संपला की लगेच तो सावरायला घ्यायचा आणि मगच पुढे सरकायचं. तळ डंपरच्या चाकांनी दडपून घट्ट झालेला असतो. तो नांगरासारख्या दातांनी आधी फोडायचा, त्यावर कच आणि मुरूम, त्यावर राखून ठेवलेली माती. मग आधी गवत. पवना, मारवेल, उतारावर वाळा. गवताने माती धरली की करंज, शिरीष, पळस, उंबर, सीताफळ. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. ते लवकर हिरवं दिसतं, पण त्याच्याखाली इथलं गवत आणि झुडपं फारशी येत नाहीत. लवकर हिरवं दिसणं आणि जमीन पुन्हा जिवंत होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं स्वप्नरंजन नाही. हरियाणात गुरुग्रामजवळ खाणकामाने उद्ध्वस्त झालेल्या अरवलीच्या टेकड्यांवर २०१० पासून नागरिकांनी आणि महापालिकेने मिळून अरवलीचीच झाडं लावली, धावड्याच्या आणि सालईच्या कुळातली. बाहेरून आणलेली शोभेची झाडं टाळली. आज ते अरवली जैवविविधता उद्यान आहे आणि संरक्षित जंगल नसूनही जैवविविधता जपणारं देशातलं पहिलं ठिकाण म्हणून २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. गोव्यात साखळीच्या जुन्या लोहखनिज खाणीवर बांबू आणि झाडी उभी राहिली आहे. जे गुरुग्रामच्या आणि साखळीच्या दगडमातीत जमलं, ते वाघोली-लोणीकंदच्या काळ्या पाषाणात जमणार नाही, असं मानायला काहीच आधार नाही.

अडचण पैशाची आहे, हेही खरं नाही. अडचण हिशेबाची आहे. आपण खडीचा भाव ठरवतो तेव्हा डिझेल, मजुरी, स्वामित्वधन सगळं धरतो. टेकडी सावरण्याचा खर्च धरत नाही. लहान खाणपट्टे पूर्वी पर्यावरण मंजुरीच्या कक्षेबाहेर राहत असत. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही ही मंजुरी लागेल, कारण लहान लहान खाणी शेजारी शेजारी असल्या की त्यांचा घाव मोठाच असतो. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, खाणबाधित गावांसाठी निधीची सोय झाली. कागद आपल्या बाजूने आहेत. ते कपाटातून बाहेर काढणारी माणसं हवीत.

सुतकीचा काळ परत यावा, अशी माझी इच्छा नाही. मावशींच्या नातींनी पुन्हा ढिगापुढे बसू नये. पण त्या काळाने जमिनीला जी सवड दिली, ती हिसकावून घेण्याचा हक्क यंत्राला कुणी दिलेला नाही. यंत्राने वेळ वाचवला असेल, तर वाचलेल्या वेळेतला आणि पैशातला वाटा टेकडीचा आहे.

म्हणून खाणीशेजारी राहणाऱ्या प्रत्येक वाचकाला कळकळीची विनंती. पुढच्या ग्रामसभेत उठून उभे राहा. गावातल्या खाणपट्ट्याचं मंजुरीपत्र आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागा, त्यातल्या अटी मोठ्याने वाचून दाखवा आणि एकेक अट खाणीवर जाऊन तपासा. फवाऱ्यांची तोंडं साफ आहेत का, रस्ता पक्का आहे का, बंद भागाला कुंपण आहे का. आणि नवी खाण येत असेल, तर पहिला सुरुंग उडण्याआधी एकच प्रश्न विचारा: वरची माती कुठे ठेवणार आहात? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, त्याला टेकडी देऊ नका.